बिब्बा उततो तेव्हा

मी सातवीत होतो. माघाचे दिवस, रानातले बिब्बे पिकून काळे झालेले. शेजारच्या मित्रानं बाभळीच्या काट्यानं बिब्बा टोचला, आतला तेलकट चीक काट्याच्या टोकावर घेतला आणि आधी स्वतःच्या, मग माझ्या मनगटावर नावाचं पहिलं अक्षर काढलं. बिब्बा एकच, काटा एकच, झाडाखालची सावलीही एकच. तिसऱ्या दिवशी त्याच्या हातावर सुरेख काळं अक्षर उमटलं होतं. माझा हात मात्र कोपरापर्यंत सुजला, अक्षराच्या जागी पाण्याचे फोड आले आणि संध्याकाळी पापण्याही जड झाल्या. आजीनं हात उजेडात धरला आणि निकाल दिला, "याले बिब्बा उतला."

तीळ आणि ओलं खोबरं वाटून लावलं. खोबऱ्याचा एक तुकडा चावायला मिळाला. बिब्ब्याचं नाव आठ दिवस घरात कुणी घ्यायचं नाही, असाही दंडक निघाला. पंधरा-वीस दिवसांनी हात बरा झाला. पण एका प्रश्नानं पाठ सोडली नाही. मलाच का उतला? मित्राला का नाही? पुढे वनस्पतिशास्त्र शिकलो, शिकवलं, निवृत्त झालो. हे पुस्तक म्हणजे त्या प्रश्नाला दिलेलं, फार उशिराचं उत्तर आहे.

आजीनं वापरलेलं क्रियापद आधी नीट बघू. दूध उततं, तसा बिब्बा उततो. पण दूध उततं तेव्हा पातेल्याबाहेर जातं ते दूधच असतं, जाळ नव्हे. माझ्या हातावर जे उतू गेलं, ते बिब्ब्यातलं नव्हतं, माझ्यातलं होतं. फोडातलं पाणी माझ्या रक्तातलं, सूज माझ्या पेशींनी आणलेली. बिब्ब्यानं फक्त जाळ लावला. क्लेमेन्स फॉन पिर्के या व्हिएन्नाच्या बालरोगतज्ज्ञानं 1906 मध्ये 'ॲलर्जी' हा शब्द घडवला, तेव्हा त्यालाही हेच म्हणायचं होतं: पदार्थ तोच, पण एकदा भेट झाल्यावर शरीराची त्याला प्रतिसाद देण्याची रीत बदललेली. आपल्याकडे त्यासाठी आणखी एक जुना शब्द आहे, वावडं. कुणाला वांग्याचं वावडं, कुणाला धुळीचं. वावडं माणसागणिक वेगळं असतं, हे या शब्दातच गृहीत आहे. विषाचं कुणाला वावडं असत नाही; विष सगळ्यांनाच विष.

तेलंगणातला आदिलाबाद हा या विषयाला बसायला चांगला पाट आहे, म्हणून पुस्तकाची सुरुवात इथून. सागाचं आणि मिश्र पानगळीचं रान, खाली काळी कपाशीची जमीन, उत्तरेला पैनगंगा आणि पलीकडे यवतमाळ-चंद्रपूर. 1956 पर्यंत किनवट आणि राजुरा हे तालुकेही याच जिल्ह्यात होते; भाषावार राज्यं झाली तेव्हा ते तिकडे गेले, आम्ही इकडे राहिलो. बेला, जैनथ, तलमडगूच्या बाजारात आजही मराठी, तेलुगू, गोंडी, कोलामी आणि उर्दू एकाच तराजूवर चालतात. त्यामुळे झाडांना इथे तीन-तीन नावं. बिब्ब्याला तेलुगूत नल्लजीडी म्हणतात, म्हणजे काळी जीडी. काजूला म्हणतात जीडिमामिडी. जीडी म्हणजे बिब्बा आणि मामिडी म्हणजे आंबा. काजू, बिब्बा आणि आंबा हे तिघे एका कुळातले, हे शास्त्रज्ञांनी फुलं उलगडून ठरवलं. तेलुगू माणसानं एका नावात बांधून ठेवलं होतं. चारोळीही याच कुळातली. बिब्बा ज्याला एकदा उतला, त्यानं आंब्याच्या चिकापासून आणि काजूच्या टरफलातल्या तेलापासूनही जपून राहावं, कारण या तिघांच्या चिकातले रेणू चुलतभाऊ आहेत आणि शरीर चेहरेपट्टीवरून ओळखतं, नावावरून नाही.

बिब्ब्याचं लॅटिन नाव सेमेकार्पस. खूण करणारं फळ, असा त्याचा अर्थ. परीट कपड्यांवर याच्याच चिकानं खूण करत, ती कितीही धुतली तरी जात नसे. ब्रिटिश अमदानीत साहेब लोकांच्या मानेला, सदऱ्याच्या खुणेच्या जागी नेमके फोड येत. दुसऱ्या महायुद्धात भारतात उतरलेल्या अमेरिकन सैनिकांनाही आले. परटाच्या पाण्यावर, साबणावर संशय घेऊन झाला, मग खुणेकडे लक्ष गेलं. या चिकातल्या मुख्य घटकाला भिलावनॉल म्हणतात. त्याची रचना सोपी आहे: एक कॅटेकॉलचं कडं आणि त्याला पंधरा कार्बनांची लांब शेपटी. शेपटी तेलकट, म्हणून ती त्वचेच्या तेलकट थरातून सहज आत सरकते. कडं हवेतल्या प्राणवायूशी मिळून क्विनोन बनतं आणि त्वचेतल्या प्रथिनांना जाऊन चिकटतं. जपानमध्ये ज्या झाडाच्या चिकापासून लाखेसारखी चकचकीत भांडी रंगवतात, त्यात आणि अमेरिकेतल्या 'पॉयझन आयव्ही' या वेलीतही जवळजवळ हाच रेणू आहे. तिथले कारागीर, इथले परीट आणि कोकणातल्या काजू कारखान्यातल्या बाया, सगळ्यांच्या हातांचं दुखणं एका घराण्याचं.

एकटा भिलावनॉल इतका लहान आहे की रोगप्रतिकार यंत्रणेनं त्याची दखलही घेतली नसती. पण तो आपल्या प्रथिनाला चिकटला की ते प्रथिन परकं दिसू लागतं. त्वचेतल्या पहारेकरी पेशी त्याचा तुकडा उचलून काखेतल्या, जांघेतल्या गाठींपर्यंत नेतात. तिथे टी-पेशी त्याची ओळख पटवून घेतात आणि वाढतात. याला दहा दिवसांपासून तीन आठवडे लागतात आणि या काळात बाहेर काहीच दिसत नाही. खरा तमाशा दुसऱ्या भेटीत. तोही लगेच नाही. एक ते तीन दिवसांनी, कारण पेशींना गाठीतून निघून त्वचेपर्यंत चालत यावं लागतं.

हे मी पहिल्यांदा वाचलं, तेव्हा पुस्तक मिटून बसलो. कारण माझी पहिली भेट कुठली, ते आठवलं. त्याच वर्षी दिवाळीच्या आसपास तळपायात काटा मोडला होता आणि आजीनंच गरम सुईनं त्यावर बिब्ब्याचा चटका दिला होता. काटा गेला. टी-पेशींनी मात्र नोंद करून ठेवली. माघात जे उतलं, त्याचं विरजण आश्विनात लागलं होतं, आणि तेही औषध म्हणून. आजीला हे सांगायला ती राहिली नाही. राहिली असती तरी "मंग काटा राहू द्याचा होता का?" एवढंच म्हणाली असती, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

प्रत्येक खाजेला ॲलर्जी म्हणण्याची हल्ली खोड लागली आहे, तिचा इथेच बंदोबस्त करतो. खाजकुइरी घ्या. शेंगेवरची सोनेरी लव अंगाला लागली की राजा असो की गडी, दोघंही सारखेच नाचतात. पहिल्याच भेटीत, क्षणात. त्या लवेत म्युक्युनेन नावाचं प्रथिनं कातरणारं विकर असतं आणि ते खाजेच्या मज्जातंतूंना थेट डिवचतं. तिथे आठवण नाही, ओळख नाही, वावडं नाही. तीच गोष्ट जिनिंगमधल्या कापसाच्या धुळीची. सुट्टीनंतर कामावर परतलेल्याची छाती पहिल्याच दिवशी आवळते, ती मुख्यतः धुळीत मिसळलेल्या जिवाणूंच्या विषांमुळे. आदिलाबादच्या कापूस बाजारात कुणी "धुळीची ॲलर्जी" म्हणालं, तर ती खरंच ॲलर्जी आहे की नाही, हे आधी तपासावं लागतं. औषध त्यावरून ठरतं.

आता बांधावर येऊ. बिब्बा रानातला, जुना, ओळखीचा. त्याचा धाक पिढ्यानपिढ्या शिकवलेला. गाजरगवत उपरं. 1950 च्या दशकात पुण्याजवळ ते पहिल्यांदा लक्षात आलं. परदेशी गव्हाबरोबर आलं असं सर्रास सांगतात. काँग्रेस गवत हे नाव त्याच्या पांढऱ्या टोप्यांवरून. तेलुगूत वय्यारीभामा, म्हणजे ठुमकणारी नार. नाव ठेवणाऱ्याला बहुधा ते अजून लागलं नव्हतं. पुण्यात डॉ. लोणकर आणि सहकाऱ्यांनी 1960-70 च्या दशकांत या गवतानं होणाऱ्या त्वचारोगाची नोंद केली, ती जगभर वाचली गेली. पापण्या, मानेच्या घड्या, कोपराची लवण असा चेहऱ्या-मानेवरचा हा इसब असतो. त्वचा जाड, काळपट, म्हाताऱ्या हत्तीसारखी होते. गवताला हात न लावताही होतं, कारण वाळलेल्या गवताची केसाळ धूळ वाऱ्यावर असते.

यातला गुन्हेगार पार्थेनिन. त्याच्या अंगी एक छोटा आकडा आहे. रसायनशास्त्रात त्याला मोठं नाव आहे, आपण आकडाच म्हणू. तो प्रथिनातल्या गंधकाला अडकतो आणि पुढे बिब्ब्याचीच कथा: परकं दिसणारं प्रथिन, टी-पेशी, उशिराचा उद्रेक. पण या गवताकडे दुसरंही हत्यार आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी दाखवलं, की याच्या परागकणांनी शिंका आणि नाक गळणंही होतं आणि तिथली वाट अगदी वेगळी आहे. पानाच्या लवेतला रेणू टी-पेशींना चेतवतो. परागातलं प्रथिन आयजीई नावाच्या प्रतिपिंडांना जागं करतं. एकाच झाडाचे दोन भाग आपल्या शरीरातल्या दोन वेगळ्या खात्यांकडे तक्रार नोंदवतात.

त्या दुसऱ्या खात्याची ओळख करून दिल्याशिवाय पुढची प्रकरणं कळणार नाहीत. त्वचेखाली, नाकाच्या अस्तरात, श्वासनळीत मास्ट पेशी असतात, हिस्टामिनच्या पुरचुंड्यांनी गच्च भरलेल्या. पॉल एर्लिकनं 1878 मध्ये त्यांना हे नाव दिलं तेव्हा त्या कशासाठी आहेत याचा पत्ता नव्हता. त्याला त्या खाऊन लठ्ठ झालेल्या वाटल्या. या पेशींवर आयजीई बसलेली असतात. 1966-67 मध्ये ती सापडली, इशिझाका पतिपत्नींना अमेरिकेत आणि योहानसन-बेनिक यांना स्वीडनमध्ये. इशिझाकांनी ज्या रुग्णांचं रक्त वापरलं, ते रॅगवीड या गवताच्या परागांनी बेजार झालेले होते, आणि रॅगवीड म्हणजे आपल्या गाजरगवताचं अगदी जवळचं नातलग. ओळखीचा पराग आयजीईला भिडला की पुरचुंड्या फुटतात: अंगावर पित्त उठतं, नाक वाहतं, छाती शिट्टी घालते. इथे दोन दिवस थांबावं लागत नाही. काही मिनिटांत उतू जातं.

इथपर्यंत झाडं जाळ लावणारी. पुस्तकाचा मोठा भाग जाळ कमी करणाऱ्या झाडांवर आहे, आणि तिथे मला जास्त जपून लिहावं लागलं. बिब्बा उततो यावर कुणी वाद घालत नाही. अमुक पानानं दमा जातो म्हटलं की श्रद्धा, व्यापार आणि अभिमान तिघंही खुर्ची ओढून बसतात.

सगळ्यात भक्कम कहाणी इथली नाही, इजिप्तची आहे. खेल्ला नावाचं एक रोप तिथे पोटदुखीवर आणि मूतखड्यावर देत. दिसायला गाजरासारखं आणि गाजराच्याच कुळातलं, आपल्या ओव्याचं भाऊबंद. (गाजरगवत हे नावापुरतं गाजर, कुळ सूर्यफुलाचं.) त्यातल्या खेलिन या रेणूनं श्वासनळी सैल होते, म्हणून इंग्लंडमध्ये त्याचे फेरफार करून नवे रेणू बनवणं चालू होतं. रॉजर आल्टूनयान हा डॉक्टर त्या कामात होता. त्याला स्वतःला दमा. गिनीपिगच्या केसांच्या कोंड्यानं त्याचा दमा हमखास उफाळायचा, म्हणून तो आधी नवा रेणू हुंगायचा, मग कोंड्याचा अर्क, आणि छाती किती आवळते ते मोजायचा. हे त्यानं वर्षानुवर्षं केलं. 1965 मध्ये हाती लागलं क्रोमोग्लायकेट. गंमत अशी, की ते श्वासनळी सैल करतच नाही. ते मास्ट पेशींना पुरचुंड्या फोडू देत नाही. दमा उठल्यावर त्याचा उपयोग शून्य. उठण्याआधी घेतलं तर उठू देत नाही. डोळ्यांच्या ॲलर्जीसाठी त्याचे थेंब आजही मिळतात.

या कहाणीतून मी एक मोजपट्टी घेतली. झाड, मग रेणू, मग तो रेणू नेमका कुठे बोट ठेवतो, मग माणसावरची चाचणी. आपली झाडं या पट्टीवर कुठवर पोचली?

दमवेल बरीच पुढे गेली होती. टायलोफोरा इंडिका. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. शिवपुरी यांनी 1960 च्या दशकाच्या अखेरीस दम्याच्या आणि नाकाच्या ॲलर्जीच्या रुग्णांना सहा दिवस रोज एक पान चावायला दिलं. कुणाला खरं पान, कुणाला दुसरंच, हे रुग्णाला आणि डॉक्टरलाही ठाऊक नाही, अशा शिस्तीत. आराम पडला, काहींना कित्येक आठवडे टिकला. तोंड मात्र सोलवटायचं, मळमळायचं आणि मिठाची चव जायची. मला ही मिठाची गोष्ट फार आवडते. खोटं औषध असले बारकावे निर्माण करत नाही. पण 1979 मध्ये दुसऱ्या एका गटानं तशाच शिस्तीत चाचणी केली, तिच्यात दमवेल आणि बनावट औषध यांत फरक दिसला नाही. दोन्ही निकाल या पुस्तकात शेजारीशेजारी छापले आहेत. पहिला तेवढाच सांगणारी पुस्तकं बाजारात भरपूर आहेत.

शिरीषाची साल बनारस हिंदू विद्यापीठात तपासली गेली. तिच्या काढ्यानं प्राण्यांच्या मास्ट पेशी शांत राहतात, असं 1979 मध्ये प्रसिद्ध झालं. आदिलाबाद-उटनूर रस्त्यावर ज्याच्या सुक्या शेंगा उन्हाळाभर खुळखुळतात तोच हा शिरीष. अडुळशाचा मान वेगळा. त्यातल्या व्हॅसिसिनवरून ब्रोमहेक्सिन घडलं आणि खोकल्याच्या कितीतरी बाटल्यांत ते आहे; पण ते कफ पातळ करतं, ॲलर्जी थांबवत नाही. अडुळशाला त्याचं श्रेय पुरे दिलं आहे, त्यापलीकडचं दिलेलं नाही.

हळद आणि कांदा हे अवघड पाहुणे. शेजारच्या निजामाबादच्या बाजारात हळदीचे ढीग लागतात, त्यामुळे आमच्या भागात हळदीविरुद्ध बोलणं म्हणजे घरच्या देवाला नाव ठेवणं. काचेच्या बशीत कर्क्युमिन आणि कांद्यातलं क्वेर्सेटिन दोन्ही मास्ट पेशींना छान आवरतात, यात शंका नाही. पण बशीत जेवढा रेणू ओतला, तेवढा आपल्या रक्तात पोचत नाही. कर्क्युमिन आतड्यातून फारसं शोषलंच जात नाही आणि जे शोषलं जातं त्याची यकृत लगेच वासलात लावतं. पिठल्याबरोबर फोडलेला कांदा खुशाल खावा, तो पिठल्यासाठी.

आणि एका शब्दाशी माझं उघड भांडण आहे: 'इम्युनिटी बूस्टर'. करोनाच्या साथीपासून प्रत्येक काढ्यावर ही चिठ्ठी चिकटली. ज्याचं दूध आधीच उतू चाललं आहे, त्याच्या चुलीत आणखी लाकूड कोण घालतं? ॲलर्जी ही प्रतिकारशक्ती कमी पडल्यानं होत नाही. नको तिथे, नको तेवढी धावल्यानं होते. तिला हवा लगाम. क्रोमोग्लायकेट लगाम आहे, दमवेल बहुधा लगाम होती. जो काढा खरोखरच प्रतिकारशक्ती सरसकट वाढवेल, तो दमेकऱ्यानं हातात घेऊ नये. सुदैवानं बहुतेक काढे काहीच वाढवत नाहीत.

दरवर्षी जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, मृगाच्या तोंडावर, आमच्या भागातून दमेकरी हैदराबादला निघतात, बत्तिनी कुटुंबाकडून पिवळा लेप भरलेला जिवंत मरळ मासा गिळायला. शाकाहाऱ्यांना तोच लेप गुळातून. लेपात काय आहे ते कुटुंबाबाहेर कुणाला ठाऊक नाही, आणि ज्यातला रेणू माहीत नाही त्यावर मला लिहिता येत नाही, म्हणून त्याचं प्रकरण केलं नाही. मात्र दमा आपणहून चढतो आणि उतरतो. माणूस यात्रेला निघतो तो चढलेला असताना. नंतरचा उतार कुणाच्या खात्यावर मांडायचा, हे एकट्या माणसाला कधीच कळत नाही. शंभर जणांना एक पान आणि शंभर जणांना दुसरं देण्याचा खटाटोप त्यासाठीच असतो.

बिब्ब्यावर शेवटी एक प्रकरण पुन्हा आहे, कारण ते बी अजून संपलेलं नाही. ज्या फळाच्या सालीत भिलावनॉल, त्याच्याच आत गोडंबी, जी हिवाळ्यात लाडवात घालून आपण मिटक्या मारत खातो. त्याच बीमधून बायफ्लेव्होनॉइड वर्गाची अशी संयुगं मिळाली आहेत, जी प्रयोगशाळेत दाह कमी करतात. आयुर्वेदात बिब्बा औषधात घेण्याआधी विटेच्या चुऱ्यात घोळून त्याचं तेल काढून टाकतात. काय काढायचं आणि काय ठेवायचं याची ती जुनी समज. शिवाय 1946 मध्ये मेरिल चेस यानं गिनीपिगना त्वचेला झोंबणारं रसायन आधी खायला घातलं, आणि नंतर त्वचेवर लावलं तेव्हा ते उतलं नाही. तोंडावाटे आलेल्या परक्याला शरीर पाहुणा मानतं, कातडीवाटे आलेल्याला चोर, असं काहीसं. बिब्ब्याच्या बाबतीत हे घरी करून बघण्याचा विचारही करू नये. पोटातून चुकीचा गेलेला बिब्बा मूत्रपिंडावर उठतो.

गेल्या हिवाळ्यात, या प्रस्तावनेचा खर्डा खिशात असताना, इंद्रवेल्लीच्या आठवडी बाजारात गेलो होतो. हिरडा, बेहडा, डिंक आणि काळ्याभोर बिब्ब्यांचा ढीग मांडून एक म्हातारी बसली होती. तेलाचा हात फिरवलेल्या बोटांनी ती बिब्बे खुशाल चाळत होती. तुम्हाला उतत नाही का, विचारलं.

"मले कधीच नाही उतला. माया लेकीले वाऱ्यानंबी उतते, ते झाडाखालून जात नाही."

मी पावशेर मागितले. तिनं कागदात बांधले, वरून दोऱ्याचे दोन वेढे दिले. पुडी घ्यायला मी हात पुढे केला, तसं तिचं लक्ष माझ्या मनगटावरच्या पांढुरक्या डागाकडे गेलं. तिनं पुडी मागे घेतली, आणखी एक कागद गुंडाळला आणि माझ्या हातात न देता पिशवीत टाकली.